चतुःसीमा

विचारांची देवाणघेवाण हा सुसंस्कृत समाजाचा पाया आहे. नगरात हा पाया दर गुरुवारी संध्याकाळी पावणेआठला घातला जाई आणि बरोबर आठला उचलून ठेवला जाई. मधली पंधरा मिनिटं राधाकृष्ण सुपेकर सुसंस्कृत समाजात असत. एरवी ते मोजणी ऑफिसात असत, म्हणजे खिडकीशी तिरप्या टेबलावर मेणकापड पसरून जुन्या नकाशांवरून नवे नकाशे उतरवत असत. या कामात बोलावं लागत नाही. बोललं तर हात हलतो आणि कोणाचा तरी बांध दुसऱ्याच्या विहिरीतून जातो. त्यामुळे ऑफिसनं त्यांच्याशी न बोलण्याची सवय लावून घेतली होती आणि वयाच्या एकावन्नाव्या वर्षी ती सवय दोन्ही बाजूंना छान मानवली होती.

गुरुवारच्या कार्यक्रमाचं नाव 'चार दिशा'. राजकारण, संस्कृती, साहित्य आणि विज्ञान या त्या चार. माणसं मात्र तीनच. राजकारण आप्पासाहेब नेवासकरांकडे. हे एका बंद पडलेल्या दैनिकाचे निवृत्त संपादक आणि कुठल्याही विषयाला "मुळात प्रश्न असा आहे" म्हणून हात घालणारे. विज्ञान डॉक्टर केळशीकरांकडे. बोलण्यापूर्वी ते बारीक खाकरत, जणू विज्ञानाला आत येऊ का म्हणून विचारत. संस्कृती आणि साहित्य या दोन्ही दिशा कुमुदताई टिळेकर सांभाळत, एखाद्या मामलेदाराकडे शेजारच्या तालुक्याचाही चार्ज असावा तशा. दिशा चार आणि माणसं तीन, तेव्हा एक खुर्ची रिकामी राहते हा हिशेब सुपेकरांनी पहिल्याच वर्षी केला होता आणि ती खुर्ची कोणी न सांगता घेतली होती. "अहो पण आप्पासाहेब," ते रेडिओला म्हणत, "लोकशाहीचं जाऊ द्या, तुम्ही मघाशी उलटंच म्हणालात." आणि कधीकधी पलीकडून आप्पासाहेब नेमके म्हणत, "बरोबर आहे, हेही खरं आहे." अशा वेळी सुपेकर मान्यतेनं मान हलवत. माणूस मोठा, पण चूक कबूल करणारा.

संध्याकाळच्या भाकरी करायला नागापूरकडून छबूबाई येत. कामाला लागून त्यांना आठवडाही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. बाहेरच्या खोलीत चांगला वाद रंगलाय, एक बाईमाणूसही आहे, असं ऐकून त्यांनी न विचारता चार कप चहा टाकला आणि ट्रे घेऊन दारात आल्या. खोलीत सुपेकर एकटे, बोट उगारलेले.

"पाव्हणं गेलं व्हय इतक्यात?"

"गेले," सुपेकर म्हणाले.

"च्या न घेता? लई घाई बाई पुन्याच्या लोकांला."

पुण्याचे लोक हे त्यांनी कशावरून ओळखलं, कोण जाणे. त्या रात्री सुपेकरांनी चारही कप घेतले. तिसरा गार झाला होता, तो त्यांनी केळशीकरांचा समजला.

तर बाहात्तर सालच्या नोव्हेंबरात, पाऊस नाही तो नाहीच हे सगळ्यांनी धरून चालायला सुरुवात केली होती तेव्हा, एका गुरुवारी चंद्रावर माणूस जाण्यानं काव्याचं नुकसान झालं का यावर चर्चा चालू होती. केळशीकर म्हणाले, चंद्रावर हवा नाही. कुमुदताई म्हणाल्या, काव्यातही हल्ली नाही. तिघं हसले. सुपेकरही हसले, आणि हसण्याच्या ऐन मध्यावर रेडिओत बारीक खर्र झालं. कोणी वाळक्या पानावर पाय द्यावा तेवढंच. पण सुपेकरांचं हसू अर्ध्यावर थांबलं. पुढच्या दहा मिनिटांत तो आवाज आणखी चारदा आला. त्यांनी सुई हलवली, एरियलची तार ओढून पाहिली, सेटच्या पाठीवर थापटी मारली. शुक्रवारी दिवसभर मेणकापडावर रेघ ओढताना तो आवाज कानात होता. घरात एकच बोलणारी वस्तू असते आणि ती आजारी पडते, तेव्हा माणूस तिला पुढच्या गुरुवारपर्यंत तशीच ठेवत नाही. शनिवारी सुपेकरांनी सेट चादरीत गुंडाळला आणि सायकलला बांधून कापडबाजाराच्या मागच्या बोळात फक्रुद्दीनकडे नेला.

फक्रुद्दीननं चार दिवस सेट उघडा ठेवला आणि निरोप धाडला की गुरुवारी तुम्ही स्वतः या. गुरुवारी पावणेआठला सुपेकर त्याच्या फळीसमोर स्टुलावर बसले. समोर त्यांचा रेडिओ पोटातल्या दिव्यांसकट उघडा पडला होता आणि त्यातून आप्पासाहेब मुळात प्रश्न काय आहे ते सांगत होते. ओळखीच्या माणसाला दवाखान्यात उघड्या अंगानं पाहावं तसं सुपेकरांना झालं. त्यांनी नजर सोल्डरच्या काडीकडे वळवली. फक्रुद्दीन डोळे मिटून स्पीकरला कान लावून होता.

"साहेब, सेटला काही झालेलं नाही."

"मग खरखर?"

"ऐका. आता हे म्हातारबाबा आहेत ना... आवाज खाली येतोय, येतोय... वाक्य संपत आलं... आता."

खर्र.

"कागज है वो. पान उलटलं त्यांनी."

"कसलं पान?"

"लिहिलेलं. बघून वाचतात. तीन माणसं, तीन गठ्ठे. बाई हुशार आहेत, त्यांचा कागद वाजत नाही. डॉक्टरसाहेब खाकरतात ना, तेव्हा ते पण पलटतात. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, तुम्ही शिकलेले."

रेडिओतून कुमुदताई हसल्या. हे हसूही लिहिलेलं असणार, कंसात.

सुपेकरांचा चेहरा पाहून फक्रुद्दीनच ओशाळला. "अहो साहेब, त्यात काय एवढं? आमची दुआ पण पाठच असते. म्हणून काय ती खोटी?"

सेट सायकलला बांधून सुपेकर चालतच निघाले. त्यांना फसवलं गेल्याचा राग यायला हवा होता, पण राग येण्यासाठी समोर माणूस लागतं. मग इतकी वर्षं आप्पासाहेब 'बरोबर आहे' म्हणत होते ते कोणाला? बोलण्याच्या ओघात आपल्याला वाट देणारी ती छोटी थांबणी, जिच्यात सुपेकर घाईनं आपलं वाक्य घालत, ती पान उलटायला घेतलेली सवड होती. आपण नऊ वर्षं पान उलटण्याच्या जागी राहत होतो. या हिशेबाबरोबर त्यांना बायको आठवली, आणि ते बरं झालं नाही. रेडिओ घेतला त्याच्या पुढच्या वर्षापासूनचे हे गुरुवार. ती आतून काही सांगायला येई, सुपेकर रेडिओवरून नजर न काढता एक बोट वर करत, ती थांबे. आठ वाजता ते आत जाऊन विचारत, "काय म्हणत होतीस?" ती म्हणे, "काही नाही, हिंग संपलाय." पुढे पुढे हिंग तिचा तीच आणू लागली. ती जामखेडकडची, तिच्या बोलण्यात मराठवाड्याचे हेल होते, सुपेकरांनी ते सुरुवातीच्या वर्षांत दुरुस्त केले होते, इतके नीट की नंतर दुरुस्त करायला फार बोलणंच उरलं नाही. अडुसष्टच्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि आठ दिवसांत संपली. दवाखान्यात एकदा ते डबा घेऊन गेले तर पडद्याआड तिचा आवाज. शेजारच्या खाटेवरल्या बाईला ती आपल्या गावच्या आडाची गोष्ट सांगत होती. भरभरून, हेलांसकट, मध्येच खुदकन हसून. सुपेकर डबा धरून बाहेर उभे राहिले. गोष्ट संपली असावी असं वाटून आत गेले, तर ती संपली नव्हती. ते आल्यामुळे थांबली होती. त्या आडात काय पडलं होतं ते त्यांना अजून माहीत नाही. तेराव्यानंतर ऑफिसात हेडक्लार्क म्हणाले, "कळलं हो. वाईट झालं. रजा हक्काची धरू की किरकोळ?" यापलीकडे त्या विषयावर त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. हक्काची, असं त्यांनी सांगितलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी रेडिओ केंद्राला पत्र लिहिलं. आपण चर्चा करीत नसून वाचन करता हे एका श्रोत्याच्या ध्यानी आले आहे, इतपत ते कडक होतं. उत्तर येईल अशी अपेक्षा नव्हती, आणि म्हणूनच जानेवारीत ते आलं. निर्मात्यांनी लिहिलं होतं की आपल्यासारख्या चोखंदळ श्रोत्यांची फार गरज आहे. येत्या महिन्यात 'दुष्काळ आणि आपण' या विषयावर 'चार दिशा' होईल, नगर जिल्ह्यात परिस्थिती बिकट असल्याने तिथला एक सुजाण श्रोता चर्चेत घ्यावा असं ठरलं आहे, तरी आपल्या बोलण्याचा मसुदा आगाऊ पाठवावा. सुपेकरांनी हे पत्र उभ्यानं वाचलं, बसून वाचलं, आणि छबूबाईंना ऐकवलं.

"म्हंजी तुमी रेडूत बोलनार?"

"हो."

"कोनासंगं?"

"तेच ते, गुरुवारी येतात ते."

"आन् आदी ल्हिऊन द्यायाचं?" छबूबाईंनी पीठ मळता मळता विचार केला. "मंग समोरचा काय बोलतोय त्ये कसं कळायचं?"

हाच प्रश्न सुपेकरांपुढे होता, आणि त्याचं उत्तर त्यांच्या धंद्यात तयार होतं. मोजणीचा नियम असा की एका शेताचा नकाशा नुसत्या त्या शेताचा काढता येत नाही. चारी बाजूंना लागून कोणाचं काय आहे ती चतुःसीमा दाखवावी लागते, नाहीतर तो तुकडा जगात कुठे आहे ते कळत नाही आणि साहेब नकाशा परत करतात. सत्तावीस वर्षांत सुपेकरांचा एकही नकाशा परत आला नव्हता. तेव्हा निर्मात्यांनी त्यांचं बोलणं मागितलं आणि त्यांनी सगळ्यांचं लिहिलं. पहिल्या दोन पानांवर हात आखडला होता, मग सुटला. आवाज कानात होतेच. मुळात प्रश्न असा आहे, असं आप्पासाहेबांनी सुरू केलं. केळशीकर खाकरले आणि ढगांवर मीठ फवारून पाऊस पाडता येतो म्हणाले. सुपेकर म्हणाले, "पण डॉक्टर, त्याला आधी ढग लागतात". यावर केळशीकरांना हसू आवरेना. सातव्या पानावर आप्पासाहेब हरले. उगाच नाही, मुद्द्यावर. दहा रात्री सुपेकर चौघांत बसत होते आणि या खेपेला ते तिघं खरोखर त्यांना उत्तर देत होते. मग अकराव्या पानावर, चारापाण्याचा विषय चालू असताना, कुमुदताईंनी एकदम विचारलं, "सुपेकर, तुमच्या घरी हा कार्यक्रम कोण कोण ऐकतं?" विषयाशी याचा संबंध नव्हता. सुपेकरांनी ते वाक्य तीनदा खोडलं. नकाशात चुकीची रेघ खरवडून काढावी तसं ब्लेडनं खरवडलंही. पण तिथे दुसरं काही बसेना. शेवटी त्याखाली त्यांनी आपलं उत्तर लिहिलं : "आता मीच. पूर्वी पत्नी ऐकत नसे, पण घरात असे." आणि त्याखाली कुमुदताईंसाठी लिहिलं : "अस्सं." याहून जास्त काही कुमुदताईंच्या तोंडी घालण्याचा आपल्याला अधिकार नाही असं त्यांना वाटलं.

निर्माते खूश झाले. आमचं निम्मं काम आपणच केलंत, तिघांचीही लकब हुबेहूब उतरली आहे, असं त्यांनी कळवलं आणि टंकलिखित प्रत पाठवली. सुपेकरांनी आधी अकरावं पान पाहिलं. होतं. टंकलेखकानं 'अस्सं'मधला एक स उडवला होता, बाकी ठीक.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ते सकाळच्या एसटीनं पुण्याला निघाले. सुप्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर बाया खडी फोडत बसल्या होत्या, ओळीनं, फर्लांगभर. हातोड्यांच्या आवाजावरून त्यांच्या गप्पा चालल्या होत्या. गाडी जाताना एकीनं काही म्हटलं आणि आख्खी ओळ हसली. काय म्हटलं ते खिडकीतून ऐकू आलं नाही. सुपेकरांनी मांडीवरचे कागद पुन्हा वाचायला घेतले, त्यात दुष्काळाची कारणमीमांसा होती.

केंद्रात जाड दाराच्या खोलीत ते तिघं बसले होते. आप्पासाहेब आवाजापेक्षा बरेच लहान निघाले. मफलरमधून जेमतेम वर येत होते. केळशीकरांना दमा होता. कुमुदताई साठीच्या, पायाशी डब्याची पिशवी, हातात पेन्सिल. कुठे हसायचं तिथे त्या टिंब देत होत्या. "या, सुपेकर," असं तिघांनीही म्हटलं आणि मग ते मघाचं बोलणं पुढे बोलू लागले. आप्पासाहेबांचा गॅसचा नंबर सहा वर्षं लागत नव्हता. "अहो, तुम्ही संपादक असताना का नाही लावून घेतला?" कुमुदताई म्हणाल्या. "तेव्हा तत्त्वं होती," आप्पासाहेब म्हणाले. "आणि आता?" "आता रॉकेल आहे." केळशीकर हसता हसता धापा टाकू लागले. सुपेकर भारावून ऐकत होते. हे कोणी लिहिलं नव्हतं. यात एक वाक्य घालावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात काचेपलीकडून निर्मात्यांनी हात वर केला, तांबडा दिवा लागला, आणि तिघंही वाकून कागदात शिरले.

"मुळात प्रश्न असा आहे," आप्पासाहेब म्हणाले. नऊ वर्षं ऐकलेला तोच आवाज, हातभर अंतरावरून. केळशीकर खाकरले, मीठ फवारलं, सुपेकरांनी ढग मागितले, केळशीकरांना कागदाप्रमाणे हसू आवरेना. सगळं ठरल्याबरहुकूम होत होतं. प्रत्येकाच्या तोंडून सुपेकरांचंच वाक्य येत होतं, त्यांच्याच स्वल्पविरामांसह. सातव्या पानावर आप्पासाहेब हरले तेव्हा सुपेकरांना त्यांची कीव आली. खोलीत माणसं चार होती आणि बोलत एकटे सुपेकर होते. इतकं एकटं त्यांना नगरातही कधी वाटलं नव्हतं. तिथे निदान कपाट, खाट आणि तुळशीची कुंडी आपापलं गप्प राहत.

दहावं पान कुमुदताईंनी आवाज न करता बाजूला सरकवलं. "सुपेकर," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी हा कार्यक्रम कोण कोण ऐकतं?" आणि विचारताना, बहुधा मानेला रग लागली म्हणून असेल, त्यांनी कागदावरून वर पाहिलं. सुपेकरांकडे.

उत्तर समोर टंकलेलं होतं. सुपेकरांना अक्षरं दिसत होती, पण ती लागत नव्हती.

"कोणी नाही," ते म्हणाले. "बायको होती. ती वारली."

आप्पासाहेबांचं बोट आपल्या प्रतीवर ओळ शोधू लागलं. कुमुदताईंनी खाली पाहिलं नाही.

"कधी हो?"

"चारेक वर्षं झाली. साडेचार."

"नाव काय त्यांचं?"

"माहेरचं गोजर. आमच्याकडे रुक्मिणी ठेवलं, माझं नाव राधाकृष्ण म्हणून."

"आणि तुम्ही काय म्हणायचात?"

सुपेकरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "काही नाही," ते म्हणाले. "'अगं' म्हणायचो."

केळशीकरांचा श्वास तेवढा वाजत होता. सुपेकरांना वाटलं, आता आडाचं सांगावं; त्यात काय पडलं होतं ते आपल्याला माहीत नाही हेच सांगावं. कुमुदताई पुढे झुकल्या होत्या, त्यांनी विचारलंच असतं.

"अहो बाई," आप्पासाहेब कुजबुजले, "हे कितव्या पानावर आहे?"

काचेवर टकटक झाली. दिवा विझला. निर्माते दार उघडून आत आले, फार सौजन्यानं. "वा, वा, छान रंगलं. फक्त ते प्रश्नोत्तर आपण कागदावरचं पुन्हा घेऊ, म्हणजे जुळवताना सोपं जातं. काय सुपेकर?"

"हो, हो," सुपेकर म्हणाले.

दुसऱ्या खेपेला कुमुदताईंनी तोच प्रश्न तितक्याच गोड आवाजात विचारला, कागदाकडे पाहून. आता मीच, पूर्वी पत्नी ऐकत नसे पण घरात असे, हे सुपेकरांनी एका दमात नीट वाचलं. "असं," कुमुदताई म्हणाल्या. बाकीची पानं दोन-तीन मिनिटांत संपली. बाहेर चहा झाला. चहा घेताना केळशीकरांनी सुपेकरांना नगरला कुठली गाडी बरी ते विचारलं. कुमुदताईंचा रिक्षावाला आला. जिन्याशी त्या थांबल्या, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, काहीतरी म्हणतीलसं वाटलं. "बरंय, येते हं," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

कार्यक्रम लागला त्या गुरुवारी छबूबाई भाकरी लवकर उरकून बाहेरच्या खोलीत उंबऱ्याशी बसल्या. सुपेकर खुर्चीत ताठ. पूर्वीसारखं मध्ये बोलायला त्यांना काही नव्हतं. त्यांचं बोलणं आतच होतं. दोन्ही खेपांपैकी कुठली घेतली असेल एवढाच प्रश्न होता. पहिली असेल तर ते नाव साऱ्या मुलखात जाणार होतं, जामखेडलासुद्धा. दुसरी असली तरी चालेल, असं त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. आप्पासाहेब हरले. चारापाणी आलं. सुपेकरांनी खुर्चीचा हात धरला.

"शेवटी काय," कुमुदताई म्हणाल्या, "निसर्गापुढे माणूस लहानच." हे तेरावं पान होतं. अकरावं आलंच नव्हतं.

सगळ्यांनी एकमेकांचे आभार मानले आणि वाद्य वाजू लागलं. सुपेकर वाट पाहत राहिले.

"झालं व्हय?" छबूबाईंनी विचारलं.

"झालं."

"मंग ह्ये काय वाजवतेत?"

चर्चा सव्वा मिनिट कमी भरली होती. तेवढ्या वेळात सरोद लावली होती.